पिस्तूल वाजवून घ्यावे

बेल्ह्याच्या बाजारात माठ घ्यायला गेलेला माणूस आधी माठाच्या पाठीवर बोटाच्या पेराने टकटक करतो. आवाज खणखणीत आला तर पुढची बोलणी, बद आला तर "ऱ्हाऊ द्या". बैल घेणारा बैलाचे दात मोजतो, त्याला दहा पावले चालवून बघतो, मागे जाऊन एकदा शेपूटही उचलून बघतो. कांद्याच्या गोणीत कोपरापर्यंत हात घालून तळचा कांदा वर काढला जातो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा व्यापारी क्रेटच्या वरच्या थराकडे ढुंकूनही बघत नाही, कारण वरचा थर कसा लावलेला असतो हे त्याला आणि शेतकऱ्याला, दोघांनाही ठाऊक असते. सांगायचे इतकेच, की जुन्नर तालुक्यातल्या, त्यातही कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकच्या माणसाला स्वस्त काय आणि मस्त काय हे शिकवायला बाहेरून कुणी यायला नको.

पिस्तुलापाशी मात्र हे सगळे शहाणपण लटपटते. वाजणे हाच ज्या वस्तूचा मुख्य गुण, नेमकी तीच वस्तू दुकानात वाजवून बघता येत नाही.

या भागातल्या बहुतेकांची पिस्तुलाशी पहिली गाठ पडते ती वसुबारसेच्या आसपास, आळेफाट्यावरच्या फटाक्यांच्या दुकानात. सुतळी बॉम्बच्या वर, भुईनळ्यांच्या शेजारी, दोरीला ओळीने पिस्तुले टांगलेली असतात. प्लास्टिकची चकचकीत, लाल-निळी. आणि त्यांच्याहून वरच्या खिळ्याला मुले जिला 'लोखंडी' म्हणतात ती. खाली नातू, मागे आबा, समोर दुकानदार, असा तिरंगी सामना सुरू होतो.

"आबा, मला ती लोखंडी पायजे."

"केवढ्याला रं ती?"

"दोनशे," दुकानदार परस्पर सांगतो.

"दोनशे? आवं, परवा दोनशेला भरलेलं क्रेट दिलंय आम्ही. वीस किलोचं."

यावर दुकानदाराकडे उत्तर नसते. टोमॅटोच्या भावावर कुणाकडेच नसते. मग आबा प्लास्टिकचे पिस्तूल हातात घेतात. चष्मा कपाळावर चढवून चाप दहा वेळा ओढतात, घोडा अंगठ्याने मागे-पुढे करतात, नळीतून आभाळाकडे बघतात. ("ह्यातून गोळी कुठनं जाती?" "आबा, ह्यातून गोळी जात न्हाई." "मंग नळी कशाला दिलीय?") शेवटी निकाल लागतो: घोडा ढिला आहे, पण दिवाळीपुरता चालेल. चाळीस रुपयांत सौदा होतो. वर टिकल्यांच्या रोलचा पुडा घ्यावा लागतो, आणि तो पिस्तुलापेक्षा महाग पडतो. या शेवटच्या वाक्यात पुढच्या सगळ्या लेखाचे बी आहे.

टिकली म्हणजे दोन कागदांमध्ये दाबलेली चिमूटभर दारू. पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस ही दोन भांडखोर मंडळी शेजारी बसवलेली असतात आणि त्यांना फक्त एक टोला हवा असतो. तो टोला नेमका, सपाट आणि पुरेसा जोरात बसला पाहिजे. चाळीस रुपयांच्या पिस्तुलात नेमके हेच बसत नाही. रोल सरकतो तेव्हा घोडा पडत नाही, घोडा पडतो तेव्हा रोल मध्येच वळकटी करून बसलेला असतो. दहांतल्या चार टिकल्या वाजतात, तीन फुस्स करून धूर सोडतात आणि उरलेल्या तीन पुढच्या दिवाळीसाठी शिल्लक राहतात. लक्ष्मीपूजनाला आवाज, पाडव्याला खरखर आणि भाऊबीजेला स्प्रिंग अंगणात. चार गल्ल्यांत एखादाच पोरगा असा असतो की ज्याने लोखंडी घेतलेली असते. तो भाऊबीजेलाही बार काढत हिंडतो आणि बाकीच्यांना नट-बोल्टमध्ये टिकलीची दारू भरून उंच फेकण्याचा शोध नव्याने लावावा लागतो.

पिस्तूल हा शब्दच मुळी मराठीचा नाही. तो पोर्तुगीजांकडून आला. काडतूसही त्यांचेच. पगार आणि लिलाव हेही त्याच गलबतातून उतरले. हे चार शब्द सुटे सुटे पाहिले तर काही वाटत नाही. ओळीने लावले की पोर्तुगीजांची दूरदृष्टी कळते: पगारातून पिस्तूल, पिस्तुलामागे काडतूस आणि शेवटी लिलाव.

मोठ्या माणसाच्या पिस्तुलाकडे वळायचे तर आधी बिबट्याकडे वळावे लागते. कुकडी प्रकल्पाची धरणे झाली, कालवे आले, पाण्यामागे ऊस आला आणि उसामागे बिबट्या. डोंगरातल्या गुहेपेक्षा उसाचा फड त्याला बरा वाटला. गारवा, आडोसा, जवळच कुत्री, शेळ्या आणि तोडणीपर्यंत कुणी उठवत नाही. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे, पण सगळेच काही तिथे राहायला तयार नसतात. त्यात शेतीपंपाची वीज बरेचदा रात्रीची. म्हणजे ज्या वेळी बिबट्या कामावर निघतो, नेमका त्याच वेळी शेतकरीही बारे धरायला निघतो. अशा वेळी पारावर कुणीतरी म्हणणारच, "आपल्याकडं एक पिस्तूल पायजे."

म्हणायला सोपे आहे. एका हातात बॅटरी, खांद्यावर फावडे, दुसऱ्या हातात काठी, खिशात मोबाइलवर मोठ्याने लावलेले भजन. पिस्तूल काढायला तिसरा हात कुठून आणायचा, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न कायद्याचा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या पहिल्याच अनुसूचीत बसलेला आहे. त्याला मारणे सोडा, त्याच्या वाटेला जायलाही सरकारी कागद लागतो. पिस्तुलाचा परवाना मागायला गेलेल्या माणसाला जिल्हाधिकारी कार्यालयात पहिला प्रश्न 'कशासाठी' हाच असतो, आणि 'बिबट्यासाठी' या उत्तराने अर्जाचा तिथेच पंचनामा होतो. बरे, शेतकऱ्याचा विचार कायद्याने केलाच नाही असेही नाही. १९५९च्या शस्त्र अधिनियमात पिकाच्या राखणीसाठी शेतकऱ्याला एक हत्यार आवर्जून नेमून दिले आहे. ते म्हणजे ठासणीची बंदूक. नळीतून दारू ओता, चिंधी कोंबा, छरे टाका, गजाने ठासा, आणि तोपर्यंत रानडुकराला थांबायला सांगा.

२०२५च्या अखेरीस शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या लोकांनी यापेक्षा स्वस्त उपाय काढला. बिबट्या मानगूट धरतो म्हणून त्यांनी स्वतःच्याच गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घातले, धनगराच्या कुत्र्याला घालतात तसे. छायाचित्रे देशभर छापून आली. त्यात हसण्यासारखे काही नव्हते, गावाने माणसे गमावली होती. पण कमी पैशात जास्तीत जास्त संरक्षण कसे मिळवावे याचा हिशेब त्या पट्ट्याइतका चोख कुठल्याच पिस्तुलाने मांडलेला नाही. त्याला परवाना लागत नाही, काडतूस लागत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

तरीही पिस्तूल हवेच असे म्हणणारी मंडळी असतात. त्यांना बिबट्याचे विशेष काही वाटत नसते. बंगला झालेला असतो, पांढरी गाडी झालेली असते, गळ्यातला गोफ झालेला असतो. सदऱ्याखाली कमरेला एक फुगवटा तेवढा राहिलेला असतो. हे गिऱ्हाईक दर्जा बघत नाही आणि किंमतही बघत नाही; सदरा बसल्यावर नीट वर सरकतो की नाही, एवढेच बघते.

त्या फुगवट्याचा भाव काय? एकच आकडा पुरे. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने 'निर्भीक' नावाचे खास स्त्रियांसाठीचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. पॉइंट बत्तीस बोअर, टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, वजन सुमारे अर्धा किलो, आणि किंमत १,२२,३६० रुपये. ते द्यायचे कशात, तर दागिन्यांच्या डबीसारख्या मरून रंगाच्या डबीत. सराफाकडच्या वस्तूची किंमत, सराफाकडची डबी, फक्त मोडीत घालायची सोय सराफासारखी नाही. आपल्याकडच्या कुठल्याही मावशीला हा भाव सांगितला असता तर तिने पर्स मिटत एवढेच म्हटले असते, "वरचे तीनशे साठ सोडा, मंग बोलू." सरकारी कारखान्यात तेवढी घासाघीस चालत नाही.

आणि हा झाला नुसत्या वस्तूचा भाव. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. आधी अर्ज, मग पोलिसांची चौकशी, मग डॉक्टरचा दाखला, हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण, घरात कुलपाची जागा. परवाना पूर्वी ३ वर्षांचा असे, २०१९च्या दुरुस्तीने ५ वर्षांचा झाला. त्याच दुरुस्तीने एका परवान्यावरची हत्यारे ३ वरून २ वर आणली. बोअर कुठला घ्यायचा हेही सरकार सांगते. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल लष्कर-पोलिसांचे, ते सामान्य माणसाला निषिद्ध. काडतुसे मोजून मिळतात. इथे मात्र जुन्नरकरांना घरचा माल मिळण्याची शक्यता असते, कारण खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून काडतुसे बनवतो आहे. बुडावर 'के एफ' अशी अक्षरे असतील तर ती किर्की फॅक्टरीची. गावातला अॅम्युनिशनमधून निवृत्त झालेला माणूस ही अक्षरे अशा सुरात सांगतो, की जणू काडतुसावर त्याची स्वतःचीच आद्याक्षरे कोरली आहेत.

एवढे सगळे करून हत्यार घरी आले की निवडणूक लागते. ग्रामपंचायत, पंचायत समिती, विधानसभा, लोकसभा. आपल्याकडे एखादी लागलेलीच असते. आचारसंहिता आली की परवानाधारकाला पोलीस ठाण्यात पिस्तूल जमा करण्याचे बोलावणे येऊ लागते. म्हणजे ज्या दिवसांत कमरेचा फुगवटा चार लोकांना दिसावा, नेमक्या त्याच दिवसांत तो ठाण्याच्या कपाटात पडून असतो. राहिली लग्नाची वरात. तर २०१९च्या दुरुस्तीने तीही हौस मिटवली. आनंदाच्या भरात हवेत बार काढला तर २ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या पैशांत अख्खा बँजो येतो आणि तो रात्रभर वाजतो.

हत्याराच्या किमतीचा आणि दर्जाचा हा घोळ पेशव्यांनाही चुकला नव्हता. तोफा आणि गोळे परक्यांकडून घ्यायचे म्हणजे तो देईल तो माल आणि सांगेल तो भाव. यावर थोरल्या माधवरावांच्या काळात, १७६५-६६च्या सुमारास, तोफेचे गोळे ओतण्याचा कारखाना काढला गेला तो जुन्नर भागातच, ओतूरजवळच्या आंबेगव्हाणला. पुण्यातला नंतरचा. म्हणजे "बाहेरचं महाग पडतंय, घरीच करू" हा विचार या तालुक्याने लोणच्याच्या आधी तोफगोळ्यांच्या बाबतीत करून पाहिला होता. घरी केलेल्या मालाचा गुण असा की तो बिघडला तर निदान शिव्या कुणाला द्यायच्या ते माहीत असते.

हाच स्वदेशी बाणा आज कुणी पिस्तुलाच्या बाबतीत दाखवला की वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते: गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त. कट्ट्याइतका फसवा स्वस्त माल जगात दुसरा नसेल. त्याची नळी पुढच्या माणसावर रोखलेली असली तरी तो फुटतो कुठल्या बाजूला हे त्याच्या मर्जीवर. शिवाय याला पावती नाही, बदलून मिळत नाही. गॅरंटी तेवढी आहे, ती सरकारची. विनापरवाना हत्यार सापडले तर किमान २ वर्षे राहण्या-जेवणाची सोय.

खऱ्या अर्थाने दर्जाला पैसे मोजणारी माणसे पाहायची तर बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर जावे. तिथे कुणाच्या कमरेला फुगवटा नसतो. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या निशाण्यावर दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. पिस्तूल सगळे मिळून दीड किलोच्या आत हवे, चाप किमान ५०० ग्रॅमचा भार सोसणारा हवा आणि ते एका हाताने धरायचे. नळीखालच्या दाबलेल्या हवेच्या नळकांड्यालाही १० वर्षांची मुदत असते; पुढे ते स्पर्धेत चालत नाही. ऑस्ट्रियाचे स्टेयर, स्वित्झर्लंडचे मोरिनी, जर्मनीचे वॉल्थर अशी नावे तिथे पोरांच्या तोंडी असतात आणि किमती पालकांच्या डोळ्यांत दिसतात. नवख्याला कुणीही जाणता प्रशिक्षक पहिल्या दिवशी विकत घ्यायला सांगत नाही. क्लबचे वापर, हात बसू दे, मग बघू. स्प्रिंगचे स्वस्तातले पिस्तूल घेतले तर नेम चुकला तो हातामुळे की पिस्तुलामुळे हेच कळत नाही, आणि महागातले घेतले तर ते फारच स्पष्ट कळते. दुसरी गोष्ट अधिक दुखते.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली पालेम्बांगला पंचवीस मीटर पिस्तुलात आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्ण घेतले. ते मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पिस्तुलाऐवजी रायफल घेऊन पॅरिसला गेला आणि २०२४चे ऑलिंपिक कांस्य घेऊन आला. त्या वेळी छापून आलेल्या हकिगतीत एक आकडा होता. सरावाची एक गोळी १२० रुपयांना पडे, आणि शिक्षक असलेल्या वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढले होते. बंदुकीसाठी नव्हे, गोळ्यांसाठी. आळेफाट्यावरच्या आबांना हे कुणी वाचून दाखवले असते तर ते म्हणाले असते, "मंग मी काय म्हनत होतो? टिकल्याच महाग."

आमच्या शाळा या बाबतीत शहाण्या. तालुका स्पर्धेत शर्यत सोडायला पिस्तूल असावे असे क्रीडाशिक्षकांना दरवर्षी वाटते आणि दरवर्षी ते बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या फाडकन आपटून शर्यत सोडतात. फळ्या अडकत नाहीत, दमट होत नाहीत आणि तीस वर्षांनीही पहिल्या दिवशीसारख्याच वाजतात. एखादे पोरगे फळ्या वाजण्याच्या आधी पळाले तर त्याच फळीने त्याला परतही आणता येते.

बोरी बुद्रुकचे नाव जगातल्या विद्वानांना माहीत आहे, पण ते टोमॅटोसाठी नाही. कुकडीच्या काठच्या दरडीत ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी त्यावर काम केले आणि तेव्हापासून त्या राखेच्या वयावर वाद चालू आहे. कुणी १४ लाख वर्षे म्हणतात, कुणी ६ लाख ७० हजार, कुणी म्हणतात ही सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे ७५ हजार वर्षांपूर्वीची. पहिला भाव १४ लाख आणि शेवटचा ७५ हजार. एवढी उतरती बोली बेल्ह्याच्या बाजारातही लागत नाही. राखेच्या संगतीने सापडली ती आदिमानवाची दगडी हत्यारे: हातकुऱ्हाडी, फरश्या. दख्खनच्या पठारावर दगडाला तोटा कधीच नव्हता, फुकटच होता. तरीही त्या माणसाने हाताला लागेल तो उचलला नाही. हातकुऱ्हाडीला दगड लागतो घट्ट कणांचा, चिरा नसलेला, टोला दिल्यावर हवी तशी ढलपी निघेल असा. अशा दगडाची पारख आजही पाथरवट करतो ती दुसऱ्या दगडाने ठोकून. खणखणीत बोलला तर घ्यायचा, बद वाजला तर टाकायचा. कुकडीकाठच्या त्या पूर्वजाकडे याहून वेगळी रीत असेल असे वाटत नाही, आणि माठ ठोकून बघण्याची सवय आपल्याला नक्की कुणाकडून लागली हा प्रश्न डेक्कन कॉलेजने केव्हातरी हाती घ्यायला हरकत नाही.

भाऊबीज उलटून चार दिवस झालेले असतात. प्लास्टिकच्या पिस्तुलाची मूठ उकिरड्यात, नळी धाकट्या बहिणीच्या भातुकलीत गेलेली. रोलचा अर्धा पुडा मात्र शिल्लक असतो. नातू तो खिशात घालून नदीकडे जातो, काठावरचा एक सपाट काळा दगड बघतो, त्यावर टिकली ठेवतो, मुठीत मावेल असा दुसरा दगड शोधतो, दोन टाकून तिसरा उचलतो आणि हाणतो. एक वाजते. दुसरी वाजते. एकही फुसकी जात नाही.

बांधावर बसलेले आबा तंबाखू मळता मळता थांबतात आणि कान देतात.

"कशानं वाजवतोय रं?"

"दगडानं!"

"चांगलाय. घरी घेऊन ये. पुढल्या दिवाळीला व्हईल."

आणि नातू खरेच तो दगड पिशवीत घालून निघतो. वाटेत पिशवीचा बंद तुटतो. पिशवी आळेफाट्यावरूनच आणलेली असते, दहा रुपयांची.